नियम चौथा: गाडी लागणारी मुलं नकोत

मला उलटीची किळस येते. तशी ती सगळ्यांनाच येते, पण माझी किळस जरा वरच्या दर्जाची आहे. नुसता शब्द ऐकला तरी माझ्या जिभेखाली पाणी सुटतं. तरीही ही गोष्ट उलटीचीच आहे, त्याला माझा इलाज नाही. आमच्या आळीतल्या मुलांच्या मुंबई सहलीचं प्लॅनिंग माझ्याकडे होतं, आणि त्या प्लॅनिंगमध्ये मी जे केलं ते आठवलं की मला उलटीपेक्षा माझीच जास्त शिसारी येते.

आम्ही विरारजवळच्या नंदाखालचे. आळीत बारा घरं, आणि त्या बारा घरांत बारा वर्षांखालची नऊ मुलं. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना मुंबई दाखवायची असं मेरी टीचरनी ठरवलं. मेरी टीचर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की आम्हाला धर्मशिक्षण शिकवतात आणि आळीतलं प्रत्येक काम कोणाच्या तरी गळ्यात घालतात. मी नववीत आहे. ऑक्टोबरमध्ये वक्तृत्व स्पर्धेत माझा तालुक्यात दुसरा नंबर आला. त्याआधी घरी पाहुणे आले की मी मोरीत जाऊन उभी राहायचे. त्यानंतर मात्र पाहुणेच मोरीत जायला लागले, असं मम्मी म्हणते.

"सालू, एवढं बोलतेस, तर आता लिही पण," मेरी टीचर म्हणाल्या. "प्लॅन तुझा."

मी चार पानांचा प्लॅन केला, तीन रंगांच्या पेनांनी. सकाळी साडेपाचला गाडी. हायवेवर एक शू-थांबा, ज्यांना आली नसेल त्यांनीही जायचं. साडेनऊला राणीची बाग, तीही गुरुवारी, कारण बुधवारी बाग बंद असते आणि हे आळीतल्या एकाही मोठ्या माणसाला माहीत नव्हतं. पेंग्विन, पाणघोडा, झाडाखाली डबे, मग म्युझियम, मग चौपाटी. प्रत्येक मुलाच्या मनगटावर आईचा नंबर पेनानं लिहून वर सेलोटेप. कपडे वाळत घालायच्या दोरीला दहा गाठी मारायच्या आणि रस्ता ओलांडताना प्रत्येकानं आपापली गाठ धरायची. हे शेवटचं माझ्याच डोक्यातून निघालं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता.

चौथ्या पानावर नियम होते. पहिला, रडायचं नाही. दुसरा, हरवायचं नाही. तिसरा, भेळ मोठ्यांनीच खायची. आणि चौथा, गाडी लागणारी मुलं नकोत.

चौथा नियम एकाच मुलीसाठी होता. टिफनी, वय सात, आमच्या शेजारच्या सेलिन मावशीची मुलगी. सप्टेंबरात आम्ही सगळे बांद्र्याच्या जत्रेला गेलो होतो तेव्हा ती दहिसरच्या पुढे माझ्या मांडीवर ओकली. माझ्या नव्या पांढऱ्या फ्रॉकवर. त्यात अर्धवट चावलेला केक होता आणि एक अख्खा वाटाणा होता. तो वाटाणा कुठून आला ते मला आजही कळलेलं नाही. त्या दिवसापासून आळीतली पोरं तिला 'ओकारी' म्हणतात. ए ओकारी, बॉल दे. ए ओकारी, तुझ्यावर राज्य. हे नाव आधी कोणी काढलं ते मी सांगणार नाही. सांगते, मीच काढलं.

सहलीची मीटिंग लेस्ली काकांच्या ओट्यावर झाली. लेस्ली काका अंधेरीला ऑफिसला जातात, त्यामुळे मुंबईवर आपलाच हक्क असं त्यांना वाटतं. त्यांनी चहात बिस्किट बुडवलं, ते तुटून तळाशी गेलं, आणि काकांनी बोट घालून ते वर काढून चोखलं. मग तेच बोट जिभेला लावून माझं पहिलं पान उलटलं. माझ्या निळ्या पेनातल्या 'पेंग्विन'वर त्यांचं बिस्किट आलं. मी मेरी टीचरकडे बघितलं. त्या पदराच्या टोकानं कान साफ करत होत्या.

प्लॅन कोणीही वाचला नाही.

"गाडीत मागे सामानाला जागा किती आहे?" हा लेस्ली काकांचा पहिला प्रश्न.

कारण आमच्याकडे मुंबईला कोणी हात हलवत जात नाही. पूर्वी इथले लोक पहाटे भाजी आणि केळी घेऊन मुंबईला जायचे, ते आता थोडेच राहिले, पण हाताची सवय काही गेली नाही. मुंबईत प्रत्येकाची एक बहीण, एक आत्या नाहीतर एक साहेब असतोच, आणि आळीतून कोणीही तिकडे निघालं की बाकीचे अकराजण पिशव्या घेऊन दारात उभे. एकदा माझा चुलतभाऊ केईएमला ऑपरेशनला गेला तेव्हा त्याच्या स्ट्रेचरच्या पायथ्याशी शेवग्याच्या शेंगा होत्या.

"माझी दोन लोंगर केळी परळला," आग्नेल आजोबा म्हणाले. त्यांची वाडी आहे आणि परळला मुलगी आहे. "लेक वाट बघते."

"माझे नारळ. पंचवीस. प्रभादेवीला साहेबांकडे," लेस्ली काका म्हणाले.

"आणि माझी बोंबलाची पिशवी बांद्र्याला वहिनीकडे," हे माझी मम्मी. "यंदाचे पहिले सुके बोंबील आहेत. राजोडीच्या कोळणीकडून घेतलेत, काठीसारखे कडक."

"मम्मी, बांद्रा वाटेत नाही."

"बांद्रा कधी वाटेत नसतं?"

अर्ध्या तासात सहलीत परळ, प्रभादेवी आणि बांद्रा घुसले. म्युझियम गेलं. पाणघोडा गेला. "पाणघोडा काय बघायचा, म्हशीसारखाच असतो," असं आग्नेल आजोबा म्हणाले. मुलांची सहल म्हणजे मोठ्यांच्या पिशव्यांना मिळालेली फुकटची गाडी, हे माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि चहा पीत पीत झालं, त्याचीच मला जास्त घृणा वाटली.

मग जागा मोजल्या. मिनीबस सतरा सीटची. मुलं नऊ, मोठे सहा आणि मी. झाले सोळा. पिशव्यांना दोन सीट तरी हव्यातच, कारण केळी खाली ठेवली तर काळी पडतात. एक सीट कमी पडत होती.

"नियम चार वाच," लेस्ली काका म्हणाले.

आणि मी वाचला. स्पर्धेच्या आवाजात, हात मागे बांधून, 'नकोत' वर जोर देऊन. सगळे हसले. लेस्ली काकांनी गाल फुगवून, डोळे बाहेर काढून ओकण्याची नक्कल केली, वर आवाजही काढला. मेरी टीचर म्हणाल्या, "बिचारी. पण बाकीच्या मुलांचाही विचार करायला हवा ना." सेलिन मावशी नर्स आहे, तिची दुपारची ड्युटी होती, त्यामुळे टिफनीच्या बाजूनं बोलायला ओट्यावर कोणीच नव्हतं. केळ्यांच्या दोन लोंगरांना सीट मिळाली. मलाही सगळे हसल्याचं बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत पडवीत आले तर टिफनी तिच्या ओट्यावरच्या झोपाळ्यावर बसलेली. साधी बसलेली नाही. डोळे घट्ट मिटलेले, तोंड उघडं, आणि झोपाळा पार भिंतीला लागेल एवढा जोरात.

"काय करतेस?"

"प्रॅक्टिस," ती म्हणाली. "शंभर झोके झाले की मला गाडी लागणार नाही. काल चाळीस केले. आज साठ."

तिचा चेहरा कच्च्या केळीच्या सालीसारखा झाला होता. पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे 'साठ' म्हणताना थुंकी उडाली.

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. मला पाणघोड्याचे दात बघायचेत. तो तोंड उघडतो ना, तेव्हा मोजायचेत." मग थांबून म्हणाली, "मी जेवत पण नाही. पोटात काही नसलं तर बाहेर काय येणार?"

मला तिचं उत्तर चुकीचं आहे हे माहीत होतं, कारण पोटात काही नसलं तरी पिवळं पाणी येतं. हे कोणाला कसं सांगायचं. मी चूळ भरली आणि आत गेले. पेस्ट नेहमीचीच होती, पण त्या दिवशी तोंडाला कडू लागली.

पाणघोडा प्लॅनमधून कालच गेला होता, हेही मी तिला सांगितलं नाही.

मग मी ठरवलं की चाचणी घ्यायची. मी सगळं ठरवूनच करते. टिफनीला बसनं विरार स्टेशनपर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. ओकली नाही तर नियम चार तिला लागू नाही, आणि केळ्यांनी मांडीवर बसावं. सेलिन मावशीला विचारलं. ती नाईट करून आली होती. "जा, पण तिला लिंबू दे चोखायला," एवढंच म्हणाली.

आम्ही निघालो तेवढ्यात मम्मी मागून आली. "विरारला जातेसच, तर जेनीला एवढी पिशवी दे. बांद्र्याच्या वाट्यातले काढलेत." जेनी मावशी म्हणजे मम्मीची धाकटी बहीण, विरारला नव्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर राहते. पिशवी कापडी होती, आत पेपरमध्ये गुंडाळलेले सुके बोंबील.

बसमध्ये टिफनी खिडकीशी बसली. माझ्या हातात प्लॅनची फाईल होती, म्हणून पिशवी मी तिच्या पायांशी ठेवली. आगाशीपर्यंत ती लिंबू चोखत, बोटांवर झोके मोजल्यासारखं काहीतरी मोजत होती. आगाशी सोडलं आणि तिनं मोजणं थांबवलं. बोळींजच्या वळणावर तिनं माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्याचा अर्थ मला दहिसरपासून माहीत होता.

माझ्याकडे फाईल होती. मी फाईल उघडून तिच्या तोंडाखाली धरली. पिवळं पाणी, लिंबाची बी आणि फेस. सगळं चौथ्या पानावर. मग फाईलच्या कडेवरून ते माझ्या मनगटावर आलं आणि तिथून कोपरापर्यंत गेलं. मी श्वास धरून ठेवला होता. पुढच्या सीटवरच्या बाईनं पाय वर घेतले आणि साडीचा काठ नाकाला लावला. कोणीतरी म्हणालं, "पोरांना सांभाळता येत नाही तर आणतात कशाला?" कंडक्टरनं बघून तोंड वाकडं केलं. "हे कोण धुणार? तुझा बाप येणार?"

"सॉरी," टिफनी म्हणाली. कंडक्टरला म्हणाली, बाईला म्हणाली, मला म्हणाली. शेवटी खिडकीलाही म्हणाली असं मला वाटलं.

चाचणी संपली होती. नियम चार बरोबर होता. मला आनंद व्हायला हवा होता, कारण बरोबर असणं मला फार आवडतं.

जेनी मावशीनं दार उघडलं आणि आम्हाला आत घ्यायच्या आधी माझ्या हातातली पिशवी दोन बोटांनी उचलली, लांब धरून पळतच गॅलरीत गेली. परत येऊन तिनं दार लावलं, खिडक्या उघडल्या, पंखा पाचवर केला.

"नुसत्या पेपरात आणलेस? बसमधून?"

"हो. का?"

"का काय का. अख्ख्या लिफ्टमध्ये वास भरला असेल. मागच्या वेळी तुझ्या मम्मीनं दिले तेव्हा खाली नोटीस लागली होती, माहितेय? माझं नाव नव्हतं, पण मजला लिहिला होता."

"मला तर वास नाही आला."

"तुला कसा येईल," मावशी हसली. "जन्मल्यापासून त्यातच आहात तुम्ही. मलाही लग्न होईपर्यंत कधी आला नव्हता. बाहेर जाऊन राहावं लागतं, मग येतो." मग तिनं टिफनीकडे बघितलं. "हिला काय झालंय? हिला येतो वाटतं वास. हिची आई कुठली?"

सेलिन मावशी नाशिकची आहे. तिच्या घरी सुकी मासळी नसतेच. टिफनी शेजारी राहते खरी, पण बोंबील तिच्या घरात कधी शिजलेले नाहीत. हे मला सात वर्षांपासून माहीत होतं, आणि त्याचा उपयोग मला त्या दिवशी झाला.

परतीच्या बसमध्ये पिशवी नव्हती. टिफनीनं मावशीनं दिलेली खारी खाल्ली, तीन. मग माझी पण खाल्ली. बोळींजचं वळण आलं तेव्हा मी फाईल उघडून तयार बसले होते. ती म्हणाली, "बघ, त्या कुत्र्याला तीनच पाय आहेत." वळण गेलं. आगाशीचं तळं आलं, तेही गेलं. ती खिडकीला नाक लावून गाणं म्हणत होती आणि तिच्या हनुवटीला खारीचा चुरा होता.

आणि मग मला जत्रेचा दिवस आठवला. अगदी सीटसकट.

जत्रेलाही मम्मीची पिशवी होती. बांद्र्याच्या मामीसाठी बोंबील. पिशवी मम्मीनं माझ्या पायाशी ठेवली होती. पिशवीला बाहेरून चुरा लागला होता, खवलं चिकटलेली होती, आणि मी पांढरा फ्रॉक घातला होता. तो मळू नये म्हणून मी पिशवी चपलेच्या टोकानं हळूच सरकवली. कोणी बघत नाही हे बघून सरकवली. शेजारच्या सीटखाली, टिफनीच्या पायांखाली. काचा बंद, एसी चालू, वसईपासून दहिसरपर्यंत. मग ती ओकली, आणि फ्रॉक मळला म्हणून मी तिला नाव ठेवलं.

मी फाईल मिटली आणि डोकं पुढच्या सीटच्या दांडीला टेकवलं. टिफनीनं विचारलं, "तुला गाडी लागली?" मी नाही म्हणाले.

घरी येऊन मी मम्मीला सांगितलं. चुकीच्या माणसाला आधी सांगितलं हे नंतर कळलं.

"बोंबलानं कोणी ओकतं?" मम्मी म्हणाली. तिच्या पुढ्यात विळी होती. "तुझ्या जन्माच्या आदल्या दिवशी मी बोंबील खाल्लेत. बोंबलाला वास म्हणे. उद्या म्हणशील मिठाला वास येतो."

"जेनी मावशीच म्हणाली."

"जेनी सातव्या मजल्यावर गेली म्हणून नाक पण सातव्या मजल्यावर गेलं का?"

वक्तृत्वाचा काही उपयोग होणार नव्हता. मी बोलून बघितलं, मेरी टीचरकडे जाऊन, मुद्दे काढून. त्या म्हणाल्या, "अगं, पण पिशव्या तर सगळ्यांच्या ठरल्यात." लेस्ली काका म्हणाले, "सालू, मुंबईला रिकाम्या हातानं गेलो तर साहेब काय म्हणेल? एका पोरीसाठी अख्ख्या आळीनं इज्जत घालवायची?" आणि परत गाल फुगवले. तीच नक्कल. त्यांच्या मिशीला वरणाचा थेंब होता.

तेव्हा मी दुसरी चाचणी ठरवली.

सहलीच्या आधीच्या शनिवारी भूपेश दादा गाडी दाखवायला आला. मिनीबस त्याचीच, जत्रेचीही तीच. मी त्याला आधीच कोपऱ्यावर गाठलं.

"दादा, जत्रेनंतर गाडी धुवायला त्रास झाला?"

"पोरीचं काय, एक बादली पाणी," तो म्हणाला. "पण तो मासळीचा वास, बापरे. आठ दिवस अगरबत्त्या लावल्या. एक पॅसेंजर म्हणाला, देवळात बसल्यासारखं वाटतं, पण देव कोळीवाड्यातला वाटतो."

"मग एक काम कराल?"

मी सांगितलं ते ऐकून तो हसला आणि का म्हणून विचारलंच नाही.

ओट्यावर पिशव्या येऊन पडलेल्या होत्याच. मी स्पर्धेच्या आवाजात म्हणाले, "काका, सामान बसतं का बघू या. आणि मोठ्या माणसांनाही बसवून बघू. गुरुवारी पहाटे गोंधळ नको." यावर कोणीच नाही म्हणालं नाही. सामान बसतं का बघणं हा आमच्या आळीचा आवडता उद्योग आहे. केळी सीटवर बसली, नारळ मागे गेले, शेंगा दांडीला टांगल्या. मम्मीची बोंबलाची पिशवी, बांद्र्याची अख्खी, नवी, भरगच्च, मी स्वतः लेस्ली काकांच्या सीटखाली ठेवली. चपलेनं नाही, हातानं.

आमची आळी अरुंद आहे. गाडी वळवायची तर आगाशीपर्यंत जाऊनच वळवावी लागते, हे सगळ्यांना माहीत आहे. भूपेश दादानं काचा बंद केल्या, एसी लावला आणि निघाला. नोव्हेंबरचं ऊन होतं, बाहेर छान वारा होता, आणि आत लोंगरांचा चीक, शेंगा, नारळाच्या काथ्याचा दमटपणा आणि त्या सगळ्यावर बसलेला बोंबील.

आमच्या लोकांना बोंबलाचा वास येत नाही हे खरं. पण तो घरात, ओट्यावर, चुलीशी येत नाही. बंद गाडीत, गार हवेत, खड्ड्यांवरून तो येतो. पाच मिनिटांत मेरी टीचरनी पदर नाकाला लावला. आग्नेल आजोबा म्हणाले, "काच उघड रे." भूपेश दादा म्हणाला, "आजोबा, जत्रेला पण अशीच बंद होती. एसी आहे ना." मला स्वतःला वास आला, पहिल्यांदा. दोन महिन्यांनी आला. तेलकट, खारट, जुना, जिभेवर बसणारा. मी तो गिळला.

लेस्ली काकांनी दुपारी आगाशीची चिकन भुजिंग खाल्ली होती, हे आम्हाला आगाशी यायच्या आतच कळलं. त्यांनी आधी गाल फुगवले. मला वाटलं, परत नक्कल करतात. मग डोळे बाहेर आले. मग त्यांनी मेरी टीचरची छत्री हिसकावली आणि उलटी धरली.

भुजिंगमध्ये पोहे असतात. मी एवढंच लिहिते.

भूपेश दादानं गाडी बाजूला घेतली. सगळे खाली उतरून नाल्याच्या कडेला ओळीनं उभे राहिले. कोणी थुंकत होतं, कोणी कपाळ पुसत होतं. लेस्ली काका छत्री धरून उभे होते, कारण ती कुठे ठेवायची ते त्यांना कळत नव्हतं. माझ्या फाईलमधलं चौथं पान वाळून कडक झालं होतं. ते काढून वाचायचं असं मी ठरवलं होतं, हात मागे बांधून. 'नकोत' वर जोर देऊन.

मी ते बाहेर काढलं, पण वाचवेना. त्या पानावर लिंबाची बी चिकटलेली होती.

"हे तू मुद्दाम केलंस," मेरी टीचर म्हणाल्या.

"हो. आणि जत्रेलाही मीच केलं. पिशवी मी सरकवली टिफनीच्या सीटखाली. माझा फ्रॉक मळू नये म्हणून."

मम्मी माझ्याकडे बघत होती. तिला आपल्या बोंबलांचा अपमान झाल्याचं जास्त लागलं की माझं, ते मला अजून माहीत नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग आग्नेल आजोबांनी घसा साफ केला. "माझा भाजीचा टेम्पो रोज पहाटे दादरला जातोच की," ते म्हणाले. "त्यात टाकू सगळं. दादरहून ज्याचं त्यानं उचलावं."

"मग हे आधी का नाही बोललात?" मी विचारलं.

"कोणी विचारलं होतं?"

एवढं सोपं होतं. एका सात वर्षांच्या मुलीला घरी ठेवायचं ठरवताना कोणाला टेम्पो आठवला नव्हता. मला त्या सगळ्यांचा वीट आला, ओळीनं उभ्या असलेल्या प्रत्येकाचा, आणि त्या ओळीत मीही उभी होते.

संध्याकाळी मी टिफनीच्या ओट्यावर गेले. ती झोपाळ्यावर होती. सत्त्याऐंशी चालू होतं. मी झोपाळा हातानं थांबवला आणि सांगितलं. पिशवीचं, चपलेचं, फ्रॉकचं.

तिनं बराच विचार केला. जीभ दातांच्या खिंडीतून आत-बाहेर करत होती.

"म्हणजे माझं पोट चांगलं आहे?"

"हो."

"आणि मी ओकारी नाही?"

"नाही."

"मग तू सगळ्यांना सांग."

"सांगितलं. सगळे मोठे होते गाडीत."

"मोठे मला ओकारी म्हणत नाहीत," टिफनी म्हणाली. "मुलं म्हणतात."

हे मला सुचलं नव्हतं. मला म्हणजे सगळं सुचतं. मोठ्यांपुढे कबूल करायला धीर लागतो खरा, पण त्यांचं मला काय पडलंय. ती आठ पोरं मात्र माझ्या मागे फिरतात, मी सांगेन ते खेळतात, माझ्यासारखे हात मागे बांधून बोलतात. त्यांच्यासमोर मी कधी काही चुकलेलं नव्हतं.

गुरुवारी पहाटे साडेपाचला टिफनी सोडून सगळे गाडीत बसले. आठ मुलं, आठ मनगटं, आठ सेलोटेप. मी दोन सीटांच्या मध्ये उभी राहिले. हात कुठे ठेवायचे ते कळेना, म्हणून दोरी धरली. आणि सांगितलं. ओकारी हे नाव मी ठेवलं, आणि ओकायला लावलं तेही मीच. आवाज स्पर्धेतला आला नाही, बारीक आला.

मग मागच्या सीटवरून एक आवाज, "म्हणजे तू बोंबील." आणि मग सगळीच. बोंबील ताई, ए बोंबील, बोंबील, माझी गाठ कुठली? दोनजणांनी नाकं धरली. एकानं रुमाल बांधला. लेस्ली काका पुढच्या सीटवर होते, त्यांनी मान वळवली नाही. मिशी नुसती थोडी हलली.

हे नाव आता जाणार नाही, हे मला तिथेच कळलं. शाळा सुरू झाली की शाळेतही जाईल.

टिफनी उशिरा चढली, कारण सेलिन मावशी तिची वेणी घालत होती. तिनं गाडीभर बघितलं. डबे ठेवलेली सीट सोडली तर एकच जागा उरली होती, माझ्या शेजारची.

"खिडकी माझी," ती म्हणाली.

मी सरकले. ती आत गेली, पण बसली नाही. खाली वाकली, आधी आपल्या सीटखाली बघितलं, नीट, हात घालून. मग माझ्या सीटखाली बघितलं. मग माझ्या चपला बघितल्या.

"चला," ती भूपेश दादाला म्हणाली.